रिफ्लेक्सॉलॉजीला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचून घ्या

आईच्या केमोचा सहावा आठवडा होता. मंगळवारी सलाईन लागायचं, बुधवार बरा जायचा आणि गुरुवारपासून तळपाय झिणझिणायला लागायचे. रात्रीचे दोन वाजले तरी डोळ्याला डोळा नाही. "पायात कुणी वाळू भरून ठेवलीय असं वाटतं गं," म्हणायची. डे-केअरमध्ये शेजारच्या खाटेवर असायच्या त्या बाईंनी रिफ्लेक्सॉलॉजीचं नाव काढलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या ठिकाणी आम्ही घाबरून परत आलो. दुसऱ्या ठिकाणी आईला कितीतरी दिवसांनी भर दुपारी गाढ झोप लागली. या दोन ठिकाणांच्या मधे मी जे शिकले, ते तुम्हाला अंगावर काढून शिकावं लागू नये म्हणून लिहिते आहे.

रिफ्लेक्सॉलॉजी म्हणजे मुख्यतः तळव्यावरच्या ठरावीक जागा अंगठ्याने दाबणं. हा पूरक उपचार आहे. तो मूळ उपचाराच्या जोडीने घ्यायचा, त्याच्या जागी नाही. आईला त्यातून झोप मिळाली, तासभर शांतता मिळाली, कुणीतरी सुई न टोचता हात लावतंय याचं सुख मिळालं. कॅन्सरवर त्याचा काही परिणाम झाला नाही आणि तळव्यांचा बधिरपणाही त्याने गेला नाही. हे दोन्ही डोक्यात ठेवून पुढे वाचा.

१. जायचं कशासाठी, ते कागदावर लिहा

घरातून निघण्याआधी एका कागदावर एक किंवा दोनच गोष्टी लिहा. झोप लागत नाही, मन सतत ताणलेलं असतं, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, आजारपणात अंगाला मायेचा हात लागलेला नाही. यांपैकी काही असेल तर जायला हरकत नाही.

शुगर उतरावी, थायरॉइडची गोळी बंद व्हावी, मुतखडा पडावा, गाठ विरघळावी असं काही लिहिलं गेलं असेल, तर ते काम तळव्यावर दाबून होणारं नाही. त्यासाठी आधी डॉक्टरकडे जा. हा कागद जपून ठेवा, आठव्या पायरीला तो परत लागणार आहे.

२. तळव्यावरचा नकाशा समजून घ्या

बहुतेक ठिकाणी भिंतीवर दोन तळव्यांचं रंगीत चित्र लावलेलं असतं. अंगठा म्हणजे डोकं, बाकीच्या बोटांच्या मुळाशी डोळे आणि कान, चवड्यावर छाती आणि फुप्फुसं, कमानीत पोट आणि आतडी, टाचेत ओटीपोट, तळव्याच्या आतल्या कडेला पाठीचा कणा. यकृत उजव्या तळव्यावर, हृदय डाव्या.

हे चित्र प्राचीन भारतीय आहे असं मला एकाने सांगितलं होतं. तसं नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात विल्यम फिट्झजेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. त्यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले आणि एका पट्ट्यात कुठेही दाबलं तर त्याच पट्ट्यातलं दुसरीकडचं दुखणं कमी होतं, असा दावा केला. त्यांचं पुस्तक १९१७ साली आलं. त्यांच्या पद्धतीत बोटांना रबर बँड बांधणं, धातूच्या कंगव्याचे दाते दाबणं असले प्रकारही होते. पुढे १९३० च्या दशकात युनिस इंगहॅम या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सगळं लक्ष पायांवर वळवलं आणि आज भिंतीवर दिसतो तो नकाशा बऱ्याच अंशी त्यांच्या कामातून आला. काही ठिकाणी इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या थडग्यातलं चित्रही लावलेलं असतं. त्यात माणसांचे हातपाय हातात घेऊन काहीतरी चाललेलं दिसतं. ते नेमकं काय चाललंय यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

आपल्याकडचं पादाभ्यंग वेगळं. त्यात तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने तळवे घासतात आणि नकाशा नसतो. ॲक्युप्रेशरचे बिंदू चिनी परंपरेतल्या रेषांवरचे असतात आणि ते सगळ्या अंगावर असतात. दुकानाच्या पाटीवर मात्र तिन्ही नावं एकाच ओळीत लिहिलेली सापडतील. आपण नेमकं काय घेतोय ते विचारून घ्यायचं.

आता नकाशा खरा का? तळव्याच्या नसा घोट्यामागून वर चढतात, मांडीमागच्या सायटिक नसेला मिळतात आणि कमरेच्या मणक्यांत शिरतात. अंगठ्यातून थेट डोक्याकडे किंवा कमानीतून थेट आतड्याकडे जाणारी वाट शरीरशास्त्राला सापडलेली नाही. २००० साली इंग्लंडमध्ये एक साधी पण चोख परीक्षा घेतली गेली. १८ माणसं निवडली, त्यांचे आजार आधीपासून माहीत होते. दोन रिफ्लेक्सॉलॉजिस्टना माणसाचा चेहरा न दाखवता फक्त पाय तपासायला दिले. दोघांची उत्तरं आजारांशीही नीट जुळली नाहीत आणि एकमेकांशीही नाहीत. म्हणून तळव्यावर बोट ठेवून कुणी आजार सांगायला लागलं, तर ते मनावर घेऊ नका.

आजार बरा होण्याचंही तसंच. २००९ साली पूरक उपचारांचे संशोधक एडझार्ड अर्न्स्ट यांनी रिफ्लेक्सॉलॉजीवर तोवर झालेले १८ प्रयोग एकत्र तपासले. कुठल्याही आजारावर हा प्रभावी उपचार आहे असं म्हणण्याजोगा पुरावा त्यांना मिळाला नाही.

मग माणसांना बरं वाटतं ते खोटं का? खोटं नाही. मला स्वतःला सर्वांत पटलेला अभ्यास २०१२ चा, मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या परिचर्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला. स्तनाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या बायकांचे तीन गट केले. एका गटाला शिकलेल्या माणसाकडून रिफ्लेक्सॉलॉजी, दुसऱ्याला न शिकलेल्या माणसाकडून नुसतं पाय चोळून देणं, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. रिफ्लेक्सॉलॉजीच्या गटात धाप कमी झाली, रोजची हालचाल सुधारली. वेदना आणि मळमळ यांत फरक पडला नाही. थकवा मात्र नुसते पाय चोळलेल्या गटात जास्त उतरला! हे वाचल्यावर मी आईचे पाय घरी चोळायला सुरुवात केली. ते शेवटच्या पायरीत सांगते.

३. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाय पुढे करू नका

ही पायरी गाळायची नाही. तळवा चोळण्यात काय धोका असणार, असं आपल्याला वाटतं. धोका असतो.

एकाच पायाला सूज, पोटरी दुखते, गरम लागते, लालसर दिसते, असं काही असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायाला कुणालाही हात लावू देऊ नका. चोळल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. कॅन्सर, नुकतंच झालेलं ऑपरेशन, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं, बाळंतपण, या सगळ्यांत हा धोका वाढलेला असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर जोरात दाबल्यावर काळंनिळं होतं. केमोत प्लेटलेट्स खाली-वर होतात. त्यामुळे महिन्यापूर्वीचा सीबीसी (रक्तपेशी मोजणारा रिपोर्ट) कामाचा नाही, ताजा लागतो. कॅपेसिटाबीनसारख्या केमोच्या काही औषधांनी तळवे-तळहात लाल होतात, सोलवटतात. ते बरं होईपर्यंत तळव्याला दाब नको. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातावर रिफ्लेक्सॉलॉजी करून घेऊ नका. हाताला सूज येण्याची भीती असते.

मधुमेह असेल तर आधी पाय स्वतः बघा, उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट. बधिर पायाला किती जोर पडतोय ते कळत नाही, आणि बारीकशी जखमही महिनोन्महिने चिघळते. आईलाही केमोमुळे तोच बधिरपणा होता. म्हणून डॉक्टर म्हणाले, "करून घ्या, पण हलक्या हाताने. त्यांना दुखलेलं कळणार नाही हे त्या बाईंना आधी सांगा."

पायाचं हाड मोडलेलं असेल, उघडी जखम असेल, युरिक ॲसिडने सांधा सुजलेला असेल, ताप असेल तर बरं होईपर्यंत थांबा. फुगलेल्या, वेटोळ्या शिरांवर थेट दाब नको. चिखल्या झाल्या असतील तर त्या आधी बऱ्या करा, नाहीतर ती बुरशी दुसऱ्या पायाला आणि समोरच्याच्या हातालाही लागेल. गरोदर असाल तर तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय जाऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत बरेच जाणकार स्वतःच नाही म्हणतात.

४. माणूस शोधताना

आपल्याकडे रिफ्लेक्सॉलॉजीला सरकारी परिषद नाही, नोंदणी नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे. रिफ्लेक्सॉलॉजीला तसलं काही नाही. आयुष मंत्रालयाखालच्या पद्धतींमध्येही ती येत नाही. त्यामुळे दोन दिवसांचा वर्ग केलेली व्यक्ती आणि दोन वर्षं शिकलेली व्यक्ती, दोघांच्याही भिंतीवर सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र असू शकतं. ते बघून काही कळत नाही. विचारून कळतं.

फोनवर मी हे प्रश्न विचारत असे. कुठे शिकलात आणि किती महिने? केमो चालू असलेल्या माणसाचे पाय याआधी हाताळलेत का? कुणाला नाही म्हणता? तुम्ही लाकडी काठी किंवा मशीन वापरता की हात? एका सिटिंगला किती वेळ, किती पैसे? सोबत माझं माणूस बसलं तर चालेल का?

सगळ्यांत महत्त्वाचा तिसरा प्रश्न. "आम्ही कुणालाच नाही म्हणत नाही, सगळ्यांना फायदाच होतो," असं उत्तर आलं की मी फोन ठेवायची. ज्या ताईंकडे आम्ही शेवटी गेलो, त्या आधी बरीच वर्षं नर्स होत्या. त्यांनी फोनवरच विचारलं, "प्लेटलेट्स किती आहेत? शेवटचं सलाईन कधी झालं? पायाला सूज आहे का?" माझ्याआधी त्यांनीच प्रश्न सुरू केले. तिथेच माझा निम्मा निर्णय झाला.

फिजिओथेरपिस्ट किंवा नर्स असलेली, नंतर हे शिकलेली व्यक्ती मिळाली तर उत्तम. तुमच्या इस्पितळात वेदनाशमन विभाग असेल तर तिथे विचारा.

परदेशातल्यांसाठी दोन ओळी. इंग्लंडमध्ये २००८ पासून पूरक उपचार करणाऱ्यांची एक ऐच्छिक नोंदणी परिषद आहे, तिच्या यादीत रिफ्लेक्सॉलॉजिस्ट सापडतात. तिथल्या अनेक हॉस्पिसमध्ये (बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रांत) रुग्णांना ही सेवा मिळते, तेव्हा आधी तिथे चौकशी करा. ऑस्ट्रेलियात १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्यातून ज्या १६ नैसर्गिक उपचारांचा खर्च मिळणं बंद झालं, त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी आहे. पैसे खिशातून जाणार हे धरूनच चाला.

५. सोबत काय न्यायचं

कागदपत्रं :
- आजाराचा थोडक्यात कागद किंवा डिस्चार्ज कार्ड
- ताजा सीबीसी, मधुमेह असेल तर शुगरचा शेवटचा रिपोर्ट
- चालू गोळ्यांची यादी, त्यांत रक्त पातळ करणाऱ्या गोळीखाली रेघ मारून
- डॉक्टरांनी दिलेली परवानगी, चिठ्ठीवर दोन ओळी असल्या तरी चालतील

वस्तू :
- आपला स्वच्छ पंचा किंवा टॉवेल
- सुती मोजे, कारण नंतर पाय गार पडतात
- पाण्याची बाटली
- तेलाची ॲलर्जी असेल तर आपलं घरचं खोबरेल

कपडे असे घाला की गुडघ्यापर्यंत सहज वर घेता येतील. साडीपेक्षा सैल सलवार किंवा गाऊन बरा. घट्ट लेगिंग नको. दोन तास आधी हलकं खाऊन घ्या, भरल्या पोटी जाऊ नका. नखं कापा, पण आदल्या दिवशी. त्याच दिवशी कापताना कातडं दुखावलं तर सिटिंग रद्द करावी लागते.

आणि जोडवी, पैंजण घरीच काढून ठेवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईची जोडवी लग्नानंतर कधी निघालीच नव्हती. तिथे गेल्यावर ताईंनी विचारलं तेव्हा आई नुसती पायांकडे बघत बसली. ताईंनी घाई केली नाही. बोटाला साबणाचं पाणी लावलं, जोडवं हळूहळू फिरवत सांध्यावरून पुढे आणलं. दोन्ही निघाली तेव्हा त्या बोटांभोवती कोवळी, पांढुरकी कडी उमटलेली होती, खाली कातडं जरा भिजल्यासारखं झालेलं. ताईंनी ते पुसून कोरडं केलं आणि जोडवी स्टीलच्या वाटीत घालून आईच्या हातात दिली. सबंध सिटिंगभर ती वाटी आईच्या मांडीवर होती. तुमच्या घरातल्या बाईला जोडवी काढायची नसतील तर जबरदस्ती करू नका. तेवढं बोट सोडून बाकीचं करता येतं. पण विषय घरीच काढा, परक्या खोलीत नाही.

६. पहिली सिटिंग : काय काय होतं

पहिल्या वेळेला तासभर धरून चला. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं बोलण्यात जातात : आजार, ऑपरेशनं, झोप, पोट, गोळ्या. काही लपवू नका. काहीच न विचारता कुणी पाय हातात घेतला, तर आपणहून सांगा.

मग पाठ टेकून बसवतात किंवा आडवं करतात. गुडघ्याखाली उशी. पाय कोमट पाण्याने पुसून घेतात. पाणी तुमच्या बधिर पायाला नव्हे, सोबतच्या माणसाच्या कोपराला विचारून बघा. नंतर तळव्याकडे नीट बघतात : भेगा, कुरूप, रुतलेलं नख, जखम. समोरच्याची नखं कापलेली आहेत ना, हात धुतले ना, हे तुम्हीही बघा.

सुरुवात दाबण्याने होत नाही. घोटा हातात धरून पाऊल गोल फिरवतात, ओला कपडा पिळतात तसं दोन्ही हातांनी पाऊल हलकं पिळतात. मग अंगठ्याचं काम सुरू होतं. अंगठा पहिल्या पेरात वाकवायचा, टेकवायचा, सरळ करायचा आणि तिळातिळाने पुढे सरकायचं, पानावरून अळी सरकते तसं. टाचेपासून बोटांपर्यंत एक ओळ, तिच्या शेजारी दुसरी. तेल अगदी थेंबभर किंवा पावडर, कारण हात निसटला तर दाब नीट बसत नाही. मालिश आणि हे, यांतला फरक इथे हाताला कळतो. चवड्याच्या खाली मधोमध एक खळगा असतो. तिथे अंगठा ठेवून ताई म्हणाल्या, "काकू, श्वास घ्या... आता सोडा," आणि श्वासाबरोबर दाब कमी-जास्त करत राहिल्या. तिसऱ्या श्वासाला आईचे खांदे खाली आले. ते मी समोरून बघितलं.

किती दुखावं? हवंहवंसं वाटणारं दुखणं चालतं. कळ आली, दात आवळले गेले, पाय आपोआप मागे ओढला गेला तर जोर जास्त आहे. "जितकं दुखेल तितका गुण" हे साफ चुकीचं आहे. लगेच सांगा. ताई दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "काकू, दुखतंय का? लाजू नका हं." आईला स्पर्श नीट कळत नव्हता, म्हणून त्या तिच्या चेहऱ्याकडे आणि कातडीच्या रंगाकडे बघत होत्या.

मधेच अंगठ्याखाली बारीक खडे लागल्यासारखं वाटतं. ते युरिक ॲसिडचे खडे, ते फोडले की आजार जातो, असं पुष्कळ ठिकाणी सांगतात. याला आधार नाही. तिथे जोर वाढवू देऊ नका.

बाकी काय होऊ शकतं? घोरायला लागाल, पोटात गुडगुड होईल, लघवीला लागेल, डोळ्यांत पाणी येईल. आई झोपण्याआधी पाच मिनिटं रडली. ताई काही बोलल्या नाहीत, दोन्ही तळवे नुसते धरून बसल्या. मीही बोलले नाही. सोबत जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अशा वेळी "काय झालं, काय झालं" करू नका.

७. घरी आल्यावर

लगेच उठू नका. पाच मिनिटं बसून मग उभं राहा, विशेषतः बीपीच्या गोळ्या चालू असतील तर. गाडी स्वतः चालवत जाऊ नका, पेंग येते. पाणी प्या, साधं जेवा, लवकर पडा. दुसऱ्या दिवशी तळवे किंचित ठणकले तर चालेल.

दोन दिवसांहून जास्त दुखणं, काळंनिळं होणं, सूज, ताप, चक्कर, जुलाब यांतलं काही झालं तर डॉक्टरांना फोन करा. "विष बाहेर पडतंय, आधी त्रास वाढतोच," असं कुणी समजावेल, ते ऐकू नका. केमोतल्या माणसाला ताप येणं ही तातडीची गोष्ट आहे, तिथे थांबायचं नसतं.

८. चार सिटिंग झाल्यावर कागद काढा

आठवड्यातून एक, अशा चार सिटिंग घ्या. पैसे दर वेळचे दर वेळी द्या. वहीत रोज तीन ओळी पुरतात : किती वाजता झोप लागली, रात्री किती वेळा उठणं झालं, सकाळी कसं वाटलं. महिन्यानंतर पहिल्या पायरीचा कागद आणि ही वही शेजारी ठेवा.

आमच्या वहीत दिसलं की सिटिंगच्या रात्री आणि दुसऱ्या रात्री आई सलग पाच-साडेपाच तास झोपते, तिसऱ्या रात्रीपासून परत जुनं सुरू. झिणझिण्यांच्या रकान्यात काही फरक नव्हता. मग आम्ही सिटिंग सलाईननंतरच्या गुरुवारी ठेवायला लागलो, जेव्हा तिला झोपेची सर्वांत गरज असायची. वहीत काहीच फरक दिसत नसेल तर बंद करा. त्यात कुणाचा दोष नसतो.

९. अशी वाक्यं ऐकू आली की उठून या

आता ते पहिलं ठिकाण. तिथल्या गृहस्थांनी आजाराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तळव्याच्या मधोमध काठी दाबली, आई कळवळली, आणि ते म्हणाले, "किडनी गेलीय बघा यांची." मग २१ सिटिंगचं पॅकेज, आगाऊ पैसे भरले तर सवलत. नंतर पाय मशीनच्या पाण्यात बुडवायला लावले. दहा मिनिटांत पाणी तांबूस तपकिरी झालं. "हे सगळं केमोचं विष. त्या गोळ्या हळूहळू बंद करा."

आई दोन रात्री किडनीच्या भीतीने झोपली नाही. तपासण्या केल्या, किडन्या ठणठणीत होत्या. त्या मशीनचं गुपित मला नंतर कळलं : मिठाच्या पाण्यात वीज सोडली की आतली लोखंडी पट्टी गंजते आणि पाणी रंग बदलतं. पाय न घालताही बदलतं. काशाच्या वाटीच्या मशीनवर तळवे काळे होतात तेही अंगातलं विष नव्हे, धातू, तेल आणि घाम यांच्या घासण्याने येणारा रंग असतो. काशाच्या वाटीने छान वाटतं, जरूर घ्या. रंगाचे पैसे वेगळे देऊ नका.

उठून यायची वाक्यं मी पाठ करून ठेवली आहेत. "गोळ्या बंद करा." "डॉक्टरांना सांगायची गरज नाही." "तुमचा अमुक अवयव कमजोर आहे." "इतक्या सिटिंगमध्ये गॅरंटी." "त्रास वाढला म्हणजे गुण येतोय." यांतलं एक जरी कानावर आलं तरी पाय खाली घ्या, चपला घाला. भिडेखातर बसून राहू नका. आम्ही भिडेखातरच बसलो होतो.

एक धोका घरातला. काटेरी चटया, टोकदार सपाता, लाकडी रोलर. मधुमेहामुळे किंवा केमोमुळे पाय बधिर असलेल्या माणसाला त्यांवर उभं करू नका. जखम झाली तरी कळत नाही.

१०. घरच्या घरी दहा-दहा मिनिटं

तिसऱ्या पायरीतलं काही लागू नसेल तर हे घरी कुणालाही जमतं. नकाशा पाठ करायची गरज नाही.

हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात एकमेकांवर चोळून गरम करा. माणसाला आडवं करा, पोटरीखाली उशी, दुसऱ्या पायावर चादर, म्हणजे तो गार पडत नाही. मी दोन थेंब खोबरेल घेते. आधी दोन्ही तळवे नुसते धरायचे, दहा श्वास मोजून. मग घोट्यापासून बोटांकडे सावकाश हात फिरवायचा, पाऊल हलकं पिळायचं. अंगठा टाचेपासून वर सरकवत न्यायचा, पाच ओळी. प्रत्येक बोट मुळाशी धरून हळूच गोल फिरवायचं, ओढायचं नाही, मोडायचं तर मुळीच नाही. चवड्याखालच्या खळग्यात अंगठा ठेवून पुन्हा पाच श्वास. जोर किती? मिटलेल्या पापणीवर बोट ठेवून बघा, त्याहून थोडासाच जास्त. टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. माझ्या मुलानेही हे शिकून घेतलं. आजीच्या डाव्या पायाची पाळी त्याची असायची.

एका पायाला दहा मिनिटं झाली की थांबा. झोप लागली असेल तर उठवू नका. पण तळवे, बोटांच्या बेचक्यांसकट, पंचाने कोरडे पुसून मगच मोजे चढवा, आणि मोजे खाली रबराचे ठिपके असलेले घ्या. रात्री बाथरूमला उठल्यावर तेलकट पाय गुळगुळीत फरशीवर सटकतो. बधिर पायाला तो सटकतोय हे उशिरा कळतं.